जन्मजात की नंतरचं

परवा इचलकरंजीहून एक गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर पाच रुपयांचं एक नाणं ठेवलं. नाण्याची कड एका बाजूनं चेपलेली, सिंहांची तोंडं अर्धी गायब. म्हणाले, टांकसाळीतली चूक आहे मॅडम, फार दुर्मिळ, तुमचा शिक्का तेवढा द्या. मी भिंग हातातसुद्धा घेतलं नाही. कडेवर पकडीचे दात उमटलेले मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. नाणं पकडीत धरून वर हातोडा घातला होता, आणि तोही घाईघाईत. तसं सांगितल्यावर गृहस्थ स्वर्गवासी वडिलांची शपथ घ्यायला लागले, तेव्हा मी त्यांना दार दाखवलं. मला राग लवकर येतो. राजारामपुरीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही लोक येतात, कारण कोल्हापुरात हे काम करणारी दुसरी कोणी नाही.

माझं नाव वैजयंती आरवाडे. मी धातुशास्त्र शिकले, विद्यापीठात तेच शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नाणी तपासायला लागले. खरी चूक कुठली आणि नुसता मार कुठला, एवढंच मी सांगते.

नाणं कसं बनतं ते आधी सांगते. धातूच्या पट्टीतून गोल चकती कापतात, तिची कड थोडी उभी करतात, भट्टीत तापवून तिला मऊ करतात आणि मग दोन ठशांच्या मधे ठेवून एकच जबरदस्त दणका देतात. या दणक्यापर्यंत जे काही बिघडलं ती टांकसाळीची चूक. चकती अर्धवट कापली गेली, ठसा सरकला, ठशाला तडा गेला, तर तसं नाणं हजारात एखादं निसटतं आणि संग्राहक त्याच्यासाठी वेडे होतात. दणक्यानंतर जे झालं तो मार. नाण्यावरून ट्रक गेला, सोनारानं भोक पाडलं, कुणी हौसेनं रुळावर ठेवलं. असलं नाणं पानपट्टीवालासुद्धा कुरकुरत घेतो.

पूर्वी हे डोळ्यांनीच ओळखायचं. मार बसला की धातू बाजूला सरकतो आणि तिथे वळ उठतो, खालची अक्षरं चिरडली जातात. चकतीच तुटकी आली असेल तर अक्षरं त्या तुटक्या जागेपर्यंत सुखानं येतात, आणि मुख्य म्हणजे बरोबर समोरची कडही पुसट असते, कारण कड उभी करताना तिला समोरून दाबच मिळालेला नसतो. लबाड माणूस एक बाजू कापतो, समोरची बाजू त्याच्या लक्षात येत नाही. पुढे पुढे लबाडांच्या तेही लक्षात यायला लागलं. मग आम्ही क्रमदर्शी नावाचं यंत्र बनवलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझे चार विद्यार्थी. धातू आतून बारीक स्फटिकांचा बनलेला असतो आणि प्रत्येक स्फटिकात अणू रांगेनं बसलेले असतात. दणका बसला की रांगा वाकतात. दुसरा दणका बसला की त्या पुन्हा वाकतात, पण पहिलं वाकणं पुसलं जात नाही, त्याच्यावर दुसरं चढतं. अतिशय बारीक क्षकिरण धातूतून पाठवले आणि ते कसे विखुरतात हे पाहिलं, तर कुठलं वाकणं कुठल्याच्या वर आहे ते वाचता येतं. क्रमदर्शी तेवढंच वाचतं. आधी काय झालं आणि नंतर काय झालं.

इथवर सगळं ठीक होतं. पण स्फटिक हाडातही असतात, ही गोष्ट विद्यापीठाकडून यंत्राचे हक्क विकत घेणाऱ्या कंपनीला आमच्याआधी सुचली. पहिल्यांदा त्यांनी ते कामगारांवर चालवलं. पाठ कामानं गेली की मुळातच वाकडी होती, हे बघून भरपाई द्यायची की नाही ते ठरायला लागलं. त्यावर मी वर्तमानपत्रांत लिहिलं, भांडले, काही झालं नाही. आणि मग वधू-वर सूचक मंडळांना हे यंत्र सापडलं.

आपल्याकडे मुलगी जरा लंगडताना दिसली की पहिला प्रश्न काय असतो, ते सगळ्यांना पाठ आहे. जन्मजात आहे की अपघातानं? हा प्रश्न आजवर दबक्या आवाजात, कुणा मध्यस्थामार्फत विचारला जायचा. २०३८ साल उजाडलं तोवर त्याला शिक्क्याचा कागद मिळाला होता. पत्रिका, रक्तगट आणि क्रमदर्शीचा दाखला. जन्मजात असेल तर पुढच्या पिढीत उतरेल म्हणून नकार. नंतरचं असेल तर चालेल, अपघात काय कुणालाही होतो. नाण्याच्या बाबतीत जन्माची चूक असली की भाव चढतो आणि मार खाल्लेला असला की उतरतो. माणसांनी यंत्र तेच ठेवलं आणि भाव तेवढे उलटे केले. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती यासाठी. माणसांची तपासणी मी करत नाही, असा फलकच मी दाराबाहेर लावला होता.

तो फलक मोडला माझ्या भाचीनं.

माझी धाकटी बहीण सुनेत्रा सांगलीला दिली. तिची एकुलती एक मुलगी केतकी. डावा पाय दोन बोटं आखूड, जाड तळव्याचा बूट घालते आणि तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहात केमिस्ट म्हणून नोकरी करते. चालताना झुलते, पण भरभर चालते. तिच्या पायाची कहाणी घरात, भावकीत, गल्लीत एकच होती आणि ती केतकीच्या तान्हेपणापासून चालत आली होती. सुनेत्रा पोटुशी असताना संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहण पाळायचं, काही कापायचं नाही, चिरायचं नाही, मोडायचं नाही. सुनेत्रानं त्या दिवशी विळीवर एक लिंबू चिरलं. म्हणून पोरीचा पाय कापला गेला.

ही गोष्ट तिच्या सासूनं सांगितली आणि सगळ्यांनी मानली. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आत्तींनी त्या लिंबाचं जे भांडवल केलं, ते मी इतकी वर्षं पाहत आले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना त्या सुनेत्रासमोर सांगायच्या, आमची सून शिकलेली, तिचा विश्वास नव्हता ना. दुसरं मूल होऊ द्यायचं नाही हेही त्यांनीच ठरवलं, पुन्हा तसंच निघालं तर काय घ्या. तेव्हापासून प्रत्येक ग्रहणाला सुनेत्रा भिंतीला टेकून एका जागी बसते, पाण्याचा घोट घेत नाही. मूल आता पोटात नाही, तरी बसते. मी एकदा म्हणाले, अगं लिंबाचा आणि पायाचा काय संबंध, तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

केतकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा मिरजेच्या कुंभोजकरांचा, शार्दूल नाव. शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायला यायचा, तिथंच दोघांचं जमलं. त्यानं तिला पायाबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी मात्र विचारलं. मुलगी छानच आहे हो, फक्त तेवढा दाखला आणा, म्हणजे आम्ही भावकीला तोंड द्यायला मोकळे.

मी केतकीला स्पष्ट सांगितलं की हे काम मी करणार नाही आणि असल्या माणसांच्या घरात तूही जाऊ नकोस. ती म्हणाली, मावशी, कुठंतरी करावं लागणारच आहे. कंपनीच्या केंद्रात अनोळखी लोकांसमोर पाय उघडा टाकून पडण्यापेक्षा तुझ्याकडे पडते. मी तिला वेळ दिली. पोरीला तो मुलगा मनापासून आवडला होता.

ती आली तेव्हा मी आधी मांडी तपासली. हाड काही नाण्यासारखं गप्प पडून राहत नाही. ते स्वतःला सतत पाडतं आणि नव्यानं बांधतं, त्यामुळे जुन्या खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात. पण कुठल्या दिशेनं बांधकाम झालं तो कल राहतो. केतकीच्या मांडीच्या हाडात तो कल पिळाचा होता. दोरीला पीळ भरावा तसं ते हाड एकदा पिळलं गेलं होतं, मोडलं होतं आणि प्लास्टरशिवाय जसं जुळेल तसं जुळलं होतं. वरच्या टोकाला जिथून हाड वाढतं तिथं इजा झाली होती, म्हणून पाय मागे राहिला. मोडण्याच्या आधीचं बांधकाम सरळ होतं.

मग मी तिची पहिली कायमची दाढ तपासली. दाढ अशासाठी की ती दिसते सहाव्या वर्षी, पण तिचं कवच बनायला सुरुवात होते ती जन्माच्या सुमाराला. हे कवच थरावर थर चढून बनतं आणि एकदा बनलं की शरीर त्याला पुन्हा हात लावत नाही. जन्म हा बाळाला एवढा मोठा धक्का असतो की त्या दिवसाच्या थरात एक काळपट रेघ उमटते. त्यानंतर बाळाला मोठी इजा झाली, ते दूध प्यायलं नाही, की दुसरी रेघ. केतकीच्या दाढेत जन्माची रेघ होती. तिच्यापुढे थोडा स्वच्छ पट्टा होता. आणि मग एक दुसरी रेघ होती, पहिलीपेक्षा जाड. मधला पट्टा मोजला तर दुसरी रेघ सव्वा महिन्याच्या आतली निघाली.

सव्वा महिन्याच्या आतलं मूल कुशीवर वळत नाही. ते कुठून पडत नाही, कुठं अडकत नाही. त्याचा पाय कुणीतरी हातात धरल्याशिवाय पिळला जात नाही. आणि त्या सव्वा महिन्यात त्या घरात बाळाला रोज सकाळी मांड्यांवर घेऊन, तेल लावून, पाय धरून डोक्यापर्यंत नेणारे हात कुणाचे होते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आत्तींच्या हातची मालिश म्हणजे नावाजलेली. हाडं सैल करून द्यायच्या त्या. शेजारपाजारच्या बायका आपली बाळं त्यांच्याकडे घेऊन यायच्या.

रागानं माझे कान गरम झाले होते. लिंबू म्हणे.

केतकीला मी सगळं सांगितलं. ती लहान नव्हती आणि तो पाय तिचा होता. ऐकून ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे आईमुळं नाही."

"नाही," मी म्हणाले.

ती बुटाची नाडी बांधायला लागली. मग म्हणाली, "आजी अजून विचारते मला, पाय चोळून देऊ का म्हणून."

जन्मजात नाही एवढंच तिनं घरी फोनवर कळवलं. रविवारी कुंभोजकर मंडळी सांगलीला येणार होती. मी शनिवारीच पोचले, तर घरात दिवाळी असल्यासारखी गडबड. सुनेत्राचे यजमान विलासराव स्वतः पेढे घेऊन आले होते. अक्का, तुम्ही आमच्यावर फार उपकार केलेत, असं दोनदा म्हणाले आणि मला गॅलरीत घेऊन गेले. तिथं त्यांचा आवाज खाली आला. दाखल्यात कारण लिहावं लागतं ना, म्हणाले. तिथं लहानपणी पडली असं लिहा. झोपाळ्यावरून म्हणा, कॉटवरून म्हणा. तपासणारा काय लिहील ते प्रमाण असतं, कोण विचारणार आहे?

मी म्हणाले, यंत्रात पडल्याची खूण नाही, पिळाची आहे, आणि ती सव्वा महिन्याच्या आतली आहे.

विलासरावांनी गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवला. "आता जाऊ दे हो अक्का. आई ब्याऐंशी वर्षांची झाली. या वयात तिला कशाला त्रास?"

कुणाच्या हातानं झालं हे मी बोललेच नव्हते. केतकीनंही त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम चहा बघतो म्हणून आत निघून गेले. चहा त्या माणसानं जन्मात कधी बघितला नव्हता.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सुनेत्रा पोह्यांसाठी शेंगदाणे निवडत होती. दार लावून घेतलं आणि तिला एका दमात सगळं सांगितलं, हाड, दाढ, रेघ, आत्ती. मला वाटलं होतं ती रडेल. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून माझ्या गळ्यात पडेल. ती शेंगदाणे निवडत राहिली.

"मला ठावं हाय की ते," ती म्हणाली.

मला कळेचना.

मग तिनं सांगितलं. ती बाजेवर पडलेली होती, आत्ती खाली पाटावर बसून बाळाला चोळत होत्या. पाय वर नेताना कट्‌ असा आवाज झाला आणि बाळ वेगळ्याच आवाजात रडलं. आत्ती म्हणाल्या, पोटात वारा धरलाय. दुसऱ्या दिवशी मांडी सुजली, तर आंबेहळदीचा लेप लावला. बाळ दूध ओढेना. सुनेत्रानं त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं, डॉक्टरकडे नेऊ या म्हणाली. ते म्हणाले, आईनं चार पोरं वाढवलीत, तू काल आई झालीस. तिनं आमच्या आईला सांगितलं. आई म्हणाली, सासरचं बाहेर काढू नकोस, तुला तिथंच दिवस काढायचे आहेत. वैजूला तर मुळीच सांगू नकोस, ती येऊन भांडेल. पुढे पाय आखूड दिसायला लागला आणि ती परत तोंड उघडायच्या आत आत्तींनी लिंबाची गोष्ट काढली. त्यानंतर ती जे बोलेल ते ग्रहण न पाळणाऱ्या बाईनं स्वतःला वाचवण्यासाठी काढलेलं निमित्त ठरलं.

"दोनदा सांगितलं, तिनदा सांगितलं," ती म्हणाली. "मग माझं मलाच वाटायला लागलं, आवाज झालता का न्हाई? लिंबू तर मी चिरलंच होतं."

मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि म्हणाले, आता पुरावा आहे, सुनी. उद्या सगळ्यांसमोर तो कागद मी वाचून दाखवते. तुझ्या सासूच्या आणि नवऱ्याच्या तोंडावर वाचते.

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तुझ्या यंत्रानं काल सांगितलं आन्‌ आज पेढे आले. मी अठ्ठावीस वर्षं त्येच बोलतीय. अक्का, कागद आधी काढू नगंस. मी बोलणार. मला बघू दे तरी, माझं कोण ऐकतंय."

मी आयुष्यात इतक्या नाण्यांचा न्याय केला, पण असं काही मला सुचलं नसतं. मी कागद तयार केला, सही केली, शिक्का मारला, काही न वगळता सगळं लिहिलं आणि तो माझ्या पिशवीत ठेवला.

रविवारी कुंभोजकर आले. वडील भालचंद्रराव बँकेतून निवृत्त झालेले, हसरे, समजूतदार दिसणारे. त्यांच्या पत्नी कमी बोलणाऱ्या. शार्दूल इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. आत्ती आरामखुर्चीत, अंगावर नवी शाल. पोहे झाले, चहा झाला. भालचंद्ररावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, मॅडम, तेवढा दाखला बघून घेऊ, म्हणजे मुहूर्ताचं बोलता येईल.

मी काही म्हणायच्या आधी सुनेत्रा उठून उभी राहिली. पदराला हात पुसले.

"दाखला बघायच्या आधी मला सांगायचंय," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा पाय चांगला होता. ती सव्वा महिन्याची व्हायच्या आत तिच्या आजीच्या हातानं मालिश करताना मोडला. मी तिथं होते, मी आवाज ऐकला. तिच्या बापाला मी त्याच रात्री सांगितलं. दोघांनी मिळून ते माझ्यावर घातलं."

विलासरावांनी घाईनं हसून सांगितलं, बाळंतपणातलं आहे हो, तिला तेव्हा धड आठवतही नव्हतं. आत्तींनी शाल नीट केली. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या. सुनेत्राकडे नाही. माझ्याकडे.

भालचंद्ररावांनी विचारलंच, अगदी अदबीनं. "मॅडम, यंत्रात तसं आलंय का?"

मी म्हणाले, "जी तिथं होती तिनं तुम्हाला आत्ता सांगितलं. मी तिथं नव्हते. तिला विचारा."

ते म्हणाले, तसं नाही हो, वहिनींवर अविश्वास नाही, पण तुम्ही शास्त्राची माणसं, तुम्हाला तरी पटायला हवं की आठवणीपेक्षा पुरावा बरा. बँकेत अर्ज परत करताना बोलावं तितक्याच गोड आवाजात ते हे बोलले. त्या माणसाला आपण काही वाईट करतोय असं खरोखर वाटत नव्हतं, आणि माझा संताप त्यानं आणखीच वाढला.

केतकी म्हणाली, "काका, आई बोलली तेवढ्यावर तुम्ही हो म्हणाल का?"

भालचंद्रराव हसले. "अगं, कागद आहेच ना तयार. मग कशाला उगाच?"

"बरोबर आहे," केतकी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दे मावशी त्यांना."

मी सुनेत्राकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली. मी पिशवीतून कागद काढून भालचंद्ररावांच्या हातात दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, पत्नीला दाखवला, आणि त्यांचा चेहरा उजळला. जन्मजात नाही, ते मोठ्यानं म्हणाले. झालं तर मग. वहिनी म्हणत होत्या तेच आहे यात, शब्दन्‌शब्द. त्यांनी स्वतः उठून पेढ्यांचा बॉक्स उघडला.

आत्तींना वाटलं असावं की आपणही काही बोलायला हवं. "तान्ह्याची हाडं मऊच असत्यात," त्या म्हणाल्या. "व्हतं एखाद्या टायमाला. मुद्दाम केलं व्हय मी?"

एवढं आणि इतकं सहज. ज्यासाठी माझी बहीण अठ्ठावीस वर्षं प्रत्येक ग्रहणाला तहानलेली बसली, ते या बाईनं पेढा खाता खाता कबूल केलं. आणि कुंभोजकर बाई, ज्या सकाळपासून चार शब्द बोलल्या नव्हत्या, त्या आत्तींच्या खुर्चीशी गेल्या, त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, नका हो आजी मनाला लावून घेऊ, जुनं झालं ते. विलासरावांनी पाण्याचा पेला आणून आईला दिला. सगळे त्या खुर्चीभोवती गोळा झाले. सुनेत्रा होती तिथंच उभी होती, तिच्याजवळ कुणी गेलं नाही. पेढ्यांचा बॉक्स फिरत फिरत तिच्यापुढं आला, तिनं तो न घेता पुढं सरकवला.

मी तोंड उघडणार होते. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण केतकी उठली. नेहमीसारखी झुलत, भरभर, ती आईपाशी गेली आणि तिचा हात धरला. "चल, आई," म्हणाली. सुनेत्रानं कुठं असं विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत सुनेत्रा चपला आणि केतकी बूट घालायला लागली, तेव्हा कुठं आतल्यांच्या लक्षात आलं. विलासराव म्हणाले, अगं मुहूर्ताचं बोलायचंय, कुठं निघालात? मी त्यांना बाजूला केलं आणि गाडीची किल्ली काढली. दोघींना मी कोल्हापूरला नेणार होते आणि मला कुणी अडवून दाखवावंच अशी माझी इच्छा होती. कुणी अडवलं नाही.

जिन्यावर शार्दूल धावत आला. तोंड उतरलेलं होतं बिचाऱ्याचं. तो केतकीला म्हणाला, बाबांचं सोड, त्यांच्या वतीनं मी माफी मागतो, मला तुझ्या पायाचं काही नाही आणि त्या कागदाचंही काही नाही, तुला माहितेय ते.

"माहितेय," केतकी म्हणाली. दोन पायऱ्या उतरून ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "आई बोलायची थांबली, तेव्हा तू कुणाकडं बघितलंस?"

मी त्याच्या समोरच बसले होते, मला दिसलं होतं. त्यानं माझ्या पिशवीकडे बघितलं होतं.